कातळाला वळसा

सुमेधाताई नव्या जागेवर आल्या की आधी चपला काढायच्या. देवळात काढतो तशा नव्हे; कुठला दगड किती तापलाय हे त्यांना तळव्यांनी समजून घ्यायचं असे. रिहे गावातल्या माझ्या जागेवर त्या भर दुपारी मधल्या काळ्या कातळावर चढल्या आणि "आई गं!" म्हणून खाली आल्या. मग अंधार पडेपर्यंत मधूनमधून त्याला हात लावत बसल्या. शेडचा नकाशा काढायला बोलावलेली आर्किटेक्ट कातळाचा ताप बघत बसलेली! मला हसू आवरेना.

मला मडकी घडवायला साधी शेड हवी होती. जागा मला विकणारे हमीदभाई शेजारीच राहतात. ते म्हणाले, "फोडून टाका की! ब्रेकर आणतो, अर्ध्या दिसात मोकळं व्हतंय समदं."

"तो इथला जुना रहिवासी, हमीदभाई," ताई म्हणाल्या. "आपणच जरा सरकून बसू."

"बाई लई हट्टी हाय," हमीदभाई माझ्या कानात पुटपुटले.

या हट्टापायी ताईंचे सगळे नकाशे कागदावरच राहिले होते. दगड राखायचा म्हटलं की मालक दुसरा आर्किटेक्ट गाठायचे. भूगावला तर पाया खणायच्या आदल्या दिवशी काम गेलं. "एक तरी उभं राहू दे रे," त्या मला म्हणाल्या. त्या आवाजापुढे माझं काही चालेना.

भिंत कातळाला वळसा घालून गेली. निम्मा कातळ आत आला, त्यावर मी माती मळू लागलो. ओली मडकी मात्र ताईंनी लांबच्या फळ्यांवर ठेवायला लावली. दिवसभर तापलेला दगड रात्री ऊब सोडतो, तिनं मडकी तडकतात.

पावसाळ्यात कातळाच्या बुडातून पाणी झिरपून आत आलं. ताई तेव्हा आजारी होत्या. तरी डोक्याला रुमाल बांधून आल्या. "अडवू नकोस, वाट दे त्याला." फरशीत पन्हळ कोरली, पाणी माती भिजवायच्या हौदात पडू लागलं.

"न्हाई फोडला त्ये बरं झालं," हमीदभाई म्हणाले. ताई पोरीसारख्या खिदळल्या. त्यानंतर त्यांना येणं जमलं नाही. दिवाळीआधी त्या गेल्या.

आता आर्किटेक्चरची मुलं शेड बघायला येतात. फोटो काढतात, कातळावर बसतात. मग विचारतात, "मॅडमचं आणखी काम कुठं बघायला मिळेल?"

कुठंच नाही, मी सांगतो. जगल्या असत्या तर आज त्यांच्या दाराशी लोकांची रांग लागली असती, आणि त्या रांगेला ताई जाम वैतागल्या असत्या. तो वैताग मला फार बघायचा होता.