सात वाट्यांचं मैदान

दत्तारामकाकांना गावात कुणी वाईट म्हणत नाही, हेच त्यांचं दुखणं आहे. चारचौघांनी उभं करून शिव्या घातल्या असत्या, तर माणूस मोकळा तरी झाला असता.

खारआंबेली हे अलिबागहून रेवसच्या वाटेवरून आत वळल्यावर लागणारं खाडीकाठचं, खारेपाटातलं गाव. दत्ताराम पस्तीस वर्षं मुंबईच्या गोदीत फिटर होते. सोमवारी रेवसहून लाँच पकडून भाऊचा धक्का गाठायचा, शनिवारी परत. गोदीच्या टीमचे ते गोलकीपर. तरुणपणी एका शनिवारी काखोटीला मारून त्यांनी चामड्याचा फुटबॉल आणला आणि कबड्डीपलीकडे काही न जाणणाऱ्या गावाला वेड लावलं.

वेड लागलं खरं, पण खेळणार कुठं? भावकीचे भातशेतीचे सात वाटे एका रांगेत होते, मध्ये सहा बांध. सातबारा सामाईक, आजोबांच्या वडिलांच्या नावावरचा. कागदावर वाटणी कधी झालीच नाही. आता आपल्याकडे बांध म्हणजे काय, ते मी सांगायला नको. वीतभर बांध कोरला म्हणून सख्खा भाऊ भावाच्या मयताला गेला नाही, अशी घरं दाखवू तेवढी आहेत. अशा ठिकाणी दत्तारामांनी सात घरांच्या पायऱ्या झिजवल्या आणि सगळ्यांना राजी केलं. कापणी झाली की बांध फोडायचे, मैदान करायचं, मे संपताना पुन्हा घालायचे. अट एकच. प्रत्येक बांधाच्या दोन्ही टोकांना हातभर बांध तसाच ठेवायचा. त्याला म्हणायचे खुंट. पावसाआधी या खुंटापासून त्या खुंटापर्यंत सुंभ ताणायचा आणि त्या रेषेवर माती चढवायची. चाळीस वर्षं हे चाललं आणि कुणाची बोटभर माती इकडची तिकडे झाली नाही.

मधला, चौथा वाटा भागुबाईचा. रुंदीला जेमतेम अकरा पावलं, सगळ्यांत लहान. तिचा नवरा धर्माजी दत्तारामांचा चुलतभाऊ, गावाच्या पहिल्या टीममधला. तो गेला, मुली लग्न होऊन पनवेलला गेल्या, मागे ही एकटी. दर रविवारी जेवण उरकून ती आपल्या खुंटावर येऊन बसायची. खेळ तिला कळायचा की नाही कोण जाणे, पण बॉल बाहेर गेला की पदर सावरत उठायची आणि पायाने आत ढकलायची.

गेल्या वर्षी अजितने बातमी आणली. अजित दत्तारामांचा पुतण्या, नवी मुंबईत नोकरीला, अंगात बारा महिने कुठल्या तरी परदेशी टीमची जर्सी. देशातल्या मोठ्या फुटबॉल लीगमध्ये एक नवी टीम घेणार होते आणि त्यासाठी अलिबागनेही अर्ज केला होता. झालं! खेळ संपला की चंदरच्या चहाच्या टपरीवर रोज तोच विषय. जर्सीचा रंग कुठला, यावर दोन रविवार गेले. एकाने पांढऱ्या कांद्याचा मान म्हणून पांढरा सुचवला, तर चंदर म्हणाला, मग टीमचं नावच कांदा ठेवा, हरलो की दुसऱ्यांना रडवता तरी येईल. मुंबईचे लोक मांडव्याच्या बोटीने येतील, पण शेवटची बोट चुकली तर झोपणार कुठं, यावरही भांडण झालं. ‘अलिबागसे आया क्या’ म्हणून हिणवणाऱ्यांना आता अलिबागलाच यावं लागेल, तेही तिकीट काढून, या वाक्यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं.

दत्तारामकाका यात बोलायचे कमी, पण सगळ्यांत जास्त आस त्यांनाच लागली होती. एकोणसत्तर वर्षांचा माणूस. डोळे मिटायच्या आधी खरी टीम, खरी मॅच आपल्या मातीत बघायची, एवढंच त्यांचं मागणं होतं.

अर्ज करणाऱ्यांनी सरावाच्या मैदानांच्या यादीत खारआंबेलीचं नाव घातलं. लीगची माणसं बघायला येणार, ड्रोनने फोटो काढणार. अजित म्हणाला की कडेचे हे बारा उंचवटे फोटोत दिसले तर ते याला शेत म्हणतील, मैदान कोण म्हणेल? दत्तारामांना ते पटलं. त्यांना पटलं म्हणून गावालाही पटलं. एकटी भागुबाई अडली.

“भावजी, खुंट काढू नका,” ती म्हणाली. “खुंट हाय म्हणून आपली भावकी हाय.”

“वहिनी, सगळे बांध माझ्या डोळ्यांत हायेत,” दत्ताराम म्हणाले. “मी मेलोय का?”

तिने होकाराची मान डोलावली. बारा खुंट एका सकाळी सपाट झाले आणि दत्तारामांनी तिच्यासाठी घरची प्लास्टिकची खुर्ची नेऊन ठेवली.

माणसं आली, वीस मिनिटं थांबली, शहाळी प्यायली आणि गेली. एप्रिलमध्ये टीम दुसऱ्याच एका शहराला मिळाली. तिथे म्हणे विमानतळ होता, मोठी हॉटेलं होती. टपरीवर आठ दिवस लीगचा उद्धार झाला आणि मग आयपीएल रंगात आलं.

मे संपत आला तेव्हा दत्ताराम सुंभ घेऊन शेतात उतरले. पहिल्याच बांधाला कुणीतरी म्हणालं, दोन हात पलीकडे. दत्तारामांनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. त्यांना गोलचे खांब दिसले, पेनल्टीची जागा दिसली, समोरून धावत येणारा धर्माजीसुद्धा दिसला. बांध दिसेना. चाळीस वर्षं बांध लक्षात ठेवत होते ते खुंट, आणि काका समजत होते की आपण ठेवतोय. सुंभ हातात धरून ते नुसते उभे राहिले.

मग जे व्हायचं ते झालं. मोजणीचा नकाशा काढला, तर त्यात सातही वाट्यांचा मिळून एकच तुकडा. आवाज चढले, फावडी उगारली गेली. शेवटी ज्या घरात माणसं जास्त, त्यांनी हवी तिथे माती ओढली. भागुबाईच्या दोन्ही अंगांना तरणी घरं. तिची अकरा पावलं सातवर आली. दत्तारामांचा वाटा पार टोकाचा, त्यांची जमीन तिला लागून नाही, त्यामुळे आपल्यातली काढून द्यायचीही सोय नव्हती. त्यांनी दोन्ही घरांना हात जोडले. तिथे त्यांचं तोंडावर ऐकून घेतलं, बांध हलवला नाही कुणी.

डिसेंबरात कापण्या झाल्या. बांध फोडायला कुणी फावडं उचललं नाही. तिघांनी तर काटेरी तार ओढली.

पहिल्या रविवारी दुपारी दत्ताराम सवयीने तिकडे गेले, तर आपल्या अरुंद वाट्याच्या बांधावर भागुबाई बसलेली. तिच्यासमोर मातीत बसून ते म्हणाले, “वहिनी, शिव्या घाल मला. तुझी जमीन मी घालवली.”

भागुबाई तारेकडे बघत म्हणाली,

“जमिनीचं जाऊं द्या, भावजी. तेवढी बी आता माझ्यानं लावून व्हत न्हाय. पन आयतवार मी कसा काढायचा, त्ये सांगा.”

दत्तारामांना रडू आवरलं नाही. तिने त्यांना रडू दिलं, समजूत घातली नाही.

तेव्हापासून दर रविवारी ते तिच्या शेजारी बांधावर जाऊन बसतात. ऊन उतरेपर्यंत दोघं बसून असतात. समोर बघण्यासारखं काही नसतं.