बोहारणीच्या टोपलीत पडलेली तिसरी वस्तू

आधीच सांगून टाकते— भूतखेत, करणी, बाहेरचं वगैरे मला काही पटत नाही. आमच्या घरात कधी साधी दृष्टसुद्धा कोणी काढली नाही. हे लिहितेय ते कंटाळून. इतकी वर्षं एक गोष्ट डोक्यात घेऊन फिरतेय आणि आता दमलेय... एवढंच कारण.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा काळ असेल. ठाण्यात वर्तकनगरला, कॉलनीतल्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत आम्ही तिघी राहायचो— आई, मी आणि माझी धाकटी बहीण मंजू. बाबा आधीच गेलेले. मी एका कंपनीत टेलिफोन बोर्डावर होते, तिन्ही पाळ्या. मंजू एकोणीस वर्षांची आणि तिला दमा. साधासुधा नाही. त्या हिवाळ्यात दोनदा ऑक्सिजनवर ठेवलेलं. दुसऱ्यांदा घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पुढचा अटॅक असाच आला तर ती हॉस्पिटलपर्यंत पोचेलच असं नाही. आईला मी हे बोलले नाही. मंजूला सांगायची गरजच नव्हती, तिला कळलेलं.

कॉलेज सुटलं, जिने चढायची बंदी. तर या बाईने घरात बसून एक खेळ काढला. जुन्या लग्नपत्रिका कापून पत्ते केले, मागच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेनने चित्रं. राक्षस, जंगल, सात दरवाजे हे होतंच, पण खरी गंमत वस्तूंची. फासा टाकत जंगलातून जायचं आणि वस्तू गोळा करायच्या— पावशेर धुकं, गोगलगायीची घाई, कुंभकर्णाची अर्धी जांभई, रुसलेल्या पतंगाची शेपटी, मुंगीचा डावा मोजा. अशा साठेक तरी होत्या. हल्ली मंजूचा नातू मोबाइलवर असंच काहीबाही गोळा करून त्याच्या तलवारी बनवत बसतो, ते बघून मला गंमत वाटते. आमच्या खेळात वस्तूंपासून वस्तू बनवायला लोहार नव्हता, बोहारीण होती— जुने कपडे घेऊन भांडी देते ना, तीच. तीन वस्तू तिच्या टोपलीत टाकायच्या, ती एक नवी द्यायची. आणि घासाघीस अगदी खऱ्यासारखी, 'हे विरलंय, अजून एक टाक.' मी दिलेलं सारखी परत मागायचे, म्हणून मंजूने नियमच केला— तोंडातून गेलं की टोपलीत पडलं.

सगळ्यात भारी पत्ता होता 'अख्खा श्वास'. निळ्या रंगात काढलेला. त्याला धुकं लागायचं, जांभई लागायची, आणि तिसरी वस्तू मंजूने ठरवलीच नव्हती. मी म्हटलं, लिही की काहीतरी, चहाची गाळणी लिही. तर म्हणाली, "उगाच काही नाही लिहायचं ताई. ती द्यायला जड गेली पाहिजे." मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

फेब्रुवारी असावा. सलग तिसरी रात्रपाळी करून मी घरी आलेले. आई टेंभी नाक्याला मावशीकडे गेलेली. दोन घास खाल्ले आणि खाटेवर आडवी झाले. दुपारी दोन-अडीचच्या सुमारास दारात बोलणं ऐकू आलं. मंजू आणि कुणीतरी बाई. भांडी एकमेकांवर आपटल्याचा आवाज. बाई म्हणत होती, दोन झाल्या, अजून एक टाक. मंजू म्हणाली, माझ्याकडे नाहीये. मग बाई म्हणाली, घरात असेल, बघ. परत तेच. परत तेच. मी भिंतीकडे तोंड करून पडलेले, डोक्यात नुसते घण पडत होते. मंजू आत येऊन माझा खांदा हलवायला लागली. ताई, ताई, ऐक ना... इतका संताप आला मला! डोळेसुद्धा न उघडता ओरडले,

"माझी झोप दे तिला, आणि दार लाव!"

फरशीवर भांडं ठेवल्याचा आवाज आला. दार लागलं. आणि मी टक्क जागी झाले.

मंजू दाराशी बसलेली, मांडीवर स्टीलची एक कोरी वाटी. म्हणाली, बोहारीण आलेली, घरात द्यायला जुनं काही नव्हतं, म्हणून मस्करीत विचारलं, हे पत्ते घेतेस का. तर त्या बाईने धुकं आणि जांभई हे दोनच पत्ते उचलले, साडी बघतात तसे उजेडात धरून, उलटेपालटे करून बघितले आणि टोपलीत टाकले. मी तिला वेड्यात काढलं. समोरच्या सावंत काकू एक वाजल्यापासून दार उघडं टाकून तांदूळ निवडत बसलेल्या, त्यांना जाऊन विचारलं. काकू म्हणाल्या, जिन्यात कुणीच आलं नाही गं, मंजू एकटीच दारात उभी राहून बोलत होती, मला वाटलं खेळतेय. पण तो आवाज मी माझ्या कानांनी ऐकलेला. ते दोन पत्ते आम्ही घरभर शोधले, गादीच्या खोळीसुद्धा काढल्या... नाही मिळाले.

त्या वर्षी मंजूला एकही अटॅक आला नाही. पुढच्या वर्षीही नाही. बाहेरून परीक्षा देऊन बी.ए. झाली, लग्न होऊन डोंबिवलीला गेली, चार मजले चढून शाळेत शिकवायची. डॉक्टर म्हणाले, या वयात कधी कधी दमा मागे पडतो.

आणि मी त्या दुपारपासून धड झोपलेली नाही. तासभर, फार तर दीड तास ग्लानी येते, बस. गोळ्या झाल्या, काढे झाले, शवासन झालं. मला सांगितलं, पाळ्यांच्या नोकरीचा परिणाम आहे. नोकरी सुटूनही जमाना झाला. डॉक्टर दोन्हीकडे बरोबर असतील हो... पण दोन्ही गोष्टी एकाच दुपारी?

मंजू सगळ्यांना कौतुकाने सांगते, ताईने तिची झोप मला दिली. मुलीच्या लग्नात तर व्याह्यांसमोर रडत सांगितलं. परवा माझ्याकडे जेवायला आलेली, जेवून माझ्याच पलंगावर छान घोरत झोपली. मी बाजूला पेपर घेऊन बसलेले. उठल्यावर म्हणाली, "ताई, ती बाई परत आली ना, तर तुझी वस्तू परत माग. मी पुष्कळ जगले." मी म्हटलं, गप्प बस, आणि चहा टाकायला उठले.

ती बाई कोण, वाटी कुठून आली, मला आजही माहीत नाही, आणि आता शोधायचं त्राणही नाही. पण एक गोष्ट मला पक्की माहीत आहे. मी काही दिलं नव्हतं. मला फक्त मंजूची कटकट थांबायला हवी होती. ती खेळतेय की तिचा जीव चाललाय, हे बघायलासुद्धा मी डोळे उघडले नाहीत. नीट जागी असताना कोणी माझी झोप मागितली असती तर मी दिली असती का, याचा विचार करायला मला पुष्कळ रात्री मिळाल्या. अजून उत्तर येत नाही.

मंजू हे सदर वाचते. तोंडावर सांगायला जमलं नाही, म्हणून इथे लिहिलं.