पाठीवरची नळी

केळीच्या ताज्या चिकाचा वास आला की माझे पाय आजही जड होतात. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना मी डोंगरातल्या पन्नास किलोमीटरच्या शर्यतीचा सराव सुरू केला होता. एका सकाळी धूलकोटकडच्या कच्च्या वाटेने केळीच्या बागांमधून पळत होतो. पाठीवर पाण्याची पिशवी होती आणि तिची पाणी प्यायची काळी नळी खांद्यावर लोंबत होती. बागेत पानं कापणाऱ्या तिघांनी मला पाहिलं आणि एक जण ओरडला, "पकडो रे, विहिरीवरच्या मोटारीची केबल घेऊन पळतोय!" मी थांबलो, तोवर त्याने माझा टी-शर्ट मुठीत धरला होता. दुसऱ्याच्या कोयत्यावरून चीक ठिबकत होता. "केबल नाही काका, पाण्याची नळी आहे. सराव करतोय." "कशाचा?" "पळायचा." "कोण मागे लागलंय तुझ्या?" तिघे हसले, पण मूठ सुटली नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चोर म्हणून नाव निघालं तर घरी काय सांगू, हेच डोक्यात फिरत होतं. शेवटी त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने नळी दाबून पाहिली, तेव्हा पाणी त्याच्या तळहातावर आलं. मग माझ्या पायांकडे बघत तो म्हणाला, "छोड दे रे, पोऱ्या पळून पळून थरथरतोय." मी जेमतेम तीन किलोमीटर पळालो होतो. त्या वर्षी शर्यतीला गेलोच नाही. यंदा नाव दिलंय. चढाची धास्ती आहेच, पण छातीवर नंबर असेल, तेव्हा का पळतोस असं निदान त्या दिवशी तरी कुणी विचारणार नाही.