कांतावहिनींच्या भिंतीवरचा कॅमेरा

रामदासभाऊंना वाद घालायला समोर नुसता माणूस लागायचा. शिवडीच्या गोदामातून रिटायर झाल्यापासून सकाळी मंडळाच्या ऑफिसात पेपर उघडायचे आणि सुरू. ऑनलाइन प्रायव्हसीचा कायदा पास झाला तेव्हा तर आठवडाभर आमचं डोकं खाल्लं. "शेवंती, आपल्याला विचारल्याशिवाय आता कंपनी आपल्या माहितीला हात लावू शकत नाय!" मी म्हणायचे, "भाऊ, चहा निवतोय."

मग त्यांच्या बायकोला, कांतावहिनींना, विसरायचा आजार लागला. गॅस चालू ठेवायच्या, दार सताड उघडं टाकून खाली जायच्या. भाऊंनी ऑनलाइन कॅमेरा मागवून भिंतीवर लावला. बाजारात गेलं तरी मोबाईलवर घर दिसायचं. करी रोडची आमची चाळ पडून टॉवर झाला, पण बाहेर जाताना शेजारी चावी ठेवायची सवय कुठे जातेय? तसाच भाऊंनी कॅमेऱ्याचा पासवर्ड मजल्याच्या ग्रुपवर टाकला. "तिच्यावर लक्ष ठेवा रे. सगळी आपलीच माणसं." आणि ठेवलंही आम्ही. एकदा मीच धावत जाऊन गॅस बंद केला.

गणपतीच्या तोंडावर त्याच कॅमेऱ्यातला व्हिडिओ मोबाईलवर फिरला. वहिनी नुसत्या परकरावर. ब्लाउज कसा घालायचा ते आठवेना, म्हणून तो हातात धरून रडतायत. खाली हसणारे चेहरे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्यांनो, तुम्हाला आया नाहीत? भाऊंचं तर भानच सुटलं. कॅमेरा उपटत ते वहिनींवरच ओरडले, "सगळ्यांनी बघितलं तुला!"

पोलीस झाले, कंपनी झाली, शेवटी मंडळातला वकील उन्मेष.

"पासवर्ड तुम्हीच वाटलात, कंपनी हेच म्हणणार," तो म्हणाला.

"अरे, मिक्सरचा शॉक बसला तर कंपनीला धरता, मग ह्याला का नाय? कोण कोण बघतंय ते तरी मला दिसायला नको?"

"बरोबर आहे, भाऊ. ग्राहक मंचात जाऊ. पण व्हिडिओ किती मोबाईलमध्ये गेलाय? तो कुठला कायदा परत आणणार?"

भाऊ तसेच उठून घरी गेले. मंडळात यायचेच बंद झाले.

कुणी केलं ते अजून कळलेलं नाही. मजल्यावरच्या प्रत्येकाकडे ते संशयाने बघतात, माझ्याकडेसुद्धा. मला वाईट वाटतं, पण बोलू काय? चावी आता कुणाकडे ठेवत नाहीत. वहिनींना आत ठेवून बाहेरून कुलूप घालतात.

परवा भाऊ घरी होते, म्हणून मी वहिनींची वेणी घालायला गेले. त्यांनी मला ओळखलं नाही. लेकीचं नावही आता आठवत नाही. वेणी झाल्यावर साडी बदलायला घेतली, तशा त्या कोपऱ्यात सरकल्या, पदर गच्च धरला आणि रिकाम्या भिंतीकडे बघत हळूच म्हणाल्या,

"सगळे बघतत काय गो?"

"नाही हो वहिनी. काढला तो."

त्यांनी मान डोलावली. मी निऱ्या हातात घेतल्या, तर पुन्हा तेच विचारलं.