‘सोड’ म्हणजे ओढ

बातमी आली ती सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. ‘गेट नंबर दोनचे वॉचमन हरेशकाका यांचे आज दुःखद निधन. संध्याकाळच्या शिफ्टला बदली माणूस येईल. कृपया सहकार्य करावे.’ खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती आणि मध्येच कुणीतरी विचारलं होतं, बदली माणूस पार्सलं घेईल ना? मी ऑफिसात होतो. मीही हात जोडले, म्हणजे तेच पिवळं चित्र टाकलं आणि मीटिंगला गेलो. ज्या हऱ्या नाखव्याबरोबर पाचवीपासून एका बाकावर बसलो, त्याला मी दिलेला निरोप तो एवढाच. ग्रुपवर कुणाला ठाऊक नव्हतं की हा वॉचमन माझा मित्र आहे. मी कधी सांगितलंच नव्हतं.

आम्ही दोघेही डोंबिवली पश्चिमेचे. मी चार मजली इमारतीतला, वडील बँकेत. तो खाडीकाठच्या गावातला कोळ्याचा मुलगा, घरची होडी. संक्रांतीच्या आसपास तो आमच्या गच्चीवर यायचा. पतंग माझा, मांजा माझा, फिरकी माझी. हऱ्याचं काम एकच, पतंग दोन्ही हातांत धरून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहायचं. मी ओरडायचो, “सोड!” तो पतंग सोडायचा आणि त्याच क्षणी मी दोरा खस्सकन ओढायचो. शेकडो वेळा केलं असेल. पुढेपुढे तर ‘सोड’ हा शब्द तोंडातून बाहेर पडायच्या आत माझे हात ओढायला लागायचे.

त्या बदल्यात तो मला होडीत न्यायचा. त्याच्या वडिलांची होडी शिडाची होती. वाऱ्याचा झपाटा आला की म्हातारा सुकाणूवरून ओरडायचा, “सोड!” आणि हऱ्या हातातली शिडाची दोरी ढिली करायचा. शीड फडफडायचं, होडी सरळ व्हायची. शब्द तोच, पण गच्चीवर त्याच्यामागे ओढ यायची आणि होडीत सुटका. हा फरक आम्हा दोघांच्याही कधी ध्यानात आला नाही. दोन पोरांच्या ध्यानात यावं असं त्यात काय होतं म्हणा...

पुढे मी इंजिनियर होऊन घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर गेलो. हऱ्या खाडीवरच राहिला. मासळी कमी होत गेली, पाणी काळं होत गेलं, गावातल्या बहुतेक होड्या उपड्या पडल्या, पण याची शिडाच्या जागी इंजिन लावून चालू होती. मिळेल ती मासळी त्याची बायको, कुंदावहिनी, बाजारात विकायची. वर्षातून दोनतीनदा मी जायचो, खाडीतल्या निवट्यांचं कालवण खाऊन यायचो आणि गाडीत बसलो की वासाचा स्प्रे मारायचो. हेही लिहूनच टाकतो.

पन्नाशीला आल्यावर माणसाला काहीतरी चावतं. मला पतंग चावला. साधा नव्हे, माणसाला ओढून नेणारा. पायाखाली मोठ्या चाकांची फळी, कमरेला पट्टा, पट्ट्याच्या आकड्यात अडकवलेला एक दांडा आणि वर खोलीएवढा कापडी पतंग. याला डीपॉवर काइट म्हणतात, कारण दांडा अंगापासून लांब ढकलला की पतंगाचा जोर उतरतो आणि जवळ ओढला की वाढतो. एवढं एक कळलं की निम्मं आलं, असं सगळे व्हिडिओ सांगत होते. मला ते पाठ होतं.

एका विकणाऱ्याकडे वापरलेले दोन पतंग होते. एक नऊ मीटरचा, आखूड आणि रुंद, दिसायला अगदीच मठ्ठ. दुसरा बारा मीटरचा, लांब, निमुळता, देखणा. आपल्याकडचा वारा हलका, म्हणून पतंग मोठा हवा, असं मी तक्ता करून ठरवलं होतं. हऱ्याला सोबत नेलं ते खरं तर कौतुक करायला. त्याने दोन्ही पतंग जमिनीवर पसरायला लावले, भोवती फिरला, कापड बोटांत चोळलं आणि आखूड पतंगापाशी उभा राहिला.

“हा घे.”

“अरे, याने आपण जागचे हलणार नाही. वारा हलका आहे आपला.”

“हलका नाय, लबाड हाय. आता टॉवरांच्या फटीतनं तुकडं तुकडं येतो. घटकाभर मेल्यावानी पडतो, मंग एकदम अंगावर. त्याला यवडा लांब पतंग दावशील? पडला त मिटंल, भरला त तुला घेऊन जाईल.”

“तो इंटरनेटवरचा चार्ट...”

“चार्ट घेऊन उबा रा मंग. पम्या, पडलेल्या वाऱ्यानं कोन मरत नाय. वारा नसंल त बसून ऱ्हाऊ, वडापाव खाऊ.”

गाढवापुढे वाचली गीता, दुसरं काय. मी मोठा घेतला. वर त्याला म्हणालो, “तुझी शिडाची होडी बंद होऊन वीस वर्षं झाली, हऱ्या.” तो हसला आणि गुमान पतंगाची घडी करायला लागला. मोठ्या कापडाची घडी त्यालाच जमत होती.

दिवा स्टेशनच्या बाजूला खाडीलगत बंद पडलेली मिठागरं आहेत. हिवाळ्यातला रविवार, दुपारचे तीन-साडेतीन. वारा अगदी मंद. पतंग चढला, सुस्तपणे डोक्यावर उभा राहिला. मला वाटलं, बघ, मोठा घेतला म्हणून निदान उभा तरी आहे. मग वारा पडला. पतंग लुळा होऊन खाली यायला लागला आणि मी गच्चीवरच्या सवयीने दांडा थोडा जवळ ओढला. हऱ्या माझ्या मागे उभा होता. त्याने पाण्यावरची सुरकुती पाहिली असणार, कारण झोत यायच्या आधीच तो ओरडला, “सोड!”

मी ऐकलं. आणि मी ओढलं.

दोन्ही हातांनी, छातीपर्यंत. पाय जमिनीवरून सुटले. हऱ्या पुन्हा ओरडला, “सोड, पम्या, सोड!” आणि मी आणखी ओढलं. कमरेला लाल मूठ होती, ती ढकलली की सगळा जोर संपतो, तीही सुचली नाही. हऱ्याने धावत येऊन माझा पट्टा मागून पकडला. आम्ही दोघेही एकमेकांवर लोळत फरफटत गेलो ते मिठागराच्या दगडी बांधापर्यंत. बांधाला तो लागला आणि मी त्याला. माझी कोपरं सोलली. त्याचा उजवा खांदा आणि खुबा दोन्ही गेले.

हॉस्पिटलात कुंदावहिनी बाजारातून तशीच आली, हाताला बर्फाचा वास. तिने एकच विचारलं, “कोनाचा पतंग?” मी तोंड उघडत होतो... निदान मला तरी तसं आठवतं. खाटेवरून हऱ्या म्हणाला, “माझाच. मनाच हौस आलती.” आणि मी तोंड मिटलं. तीन वर्षं मिटलेलंच आहे.

बरा झाल्यावर त्याच्या हाताला जाळं उचलेना. होडी विकली. मी मोठ्या मनाने त्याला आमच्या गेटवर नोकरी लावून दिली. तो खुबा घेऊन तो डोंबिवलीहून ठाण्याला आणि ठाण्याहून बसने घोडबंदरला यायचा. माझी गाडी आली की डाव्या हाताने दांडी वर करायचा. मी काचेआडून मान हलवायचो, आणि शेजारी कुणी बसलेलं असेल तर तेवढंही नाही. एकदाच, पहिल्या आठवड्यात, तो खिडकीपाशी वाकून म्हणाला, “पम्या, मी लय इचार केला. माझीच चुकी झाली रे. तुला ‘सोड’ बोलाया नको व्हतं. तुला ‘ढील’ बोललो असतो त कळला असता. पतंगवाल्याला ‘ढील’ बोलतात.” मागच्या गाडीने हॉर्न दिला. मी म्हणालो, बोलू नंतर.

नंतर बोललो नाही. ढील म्हणाल तर ती मी त्याला तीन वर्षं देतच होतो.

क्लबहाउसात शोकसभा झाली. मेल्या म्हशीला मणभर दूध. ज्यांनी त्याला कधी पाणी विचारलं नाही ते त्याच्या हसऱ्या चेहऱ्याबद्दल बोलले. सेक्रेटरींनी तर माझाच उल्लेख केला, की प्रमोदजींनी एका अपघातग्रस्त गरजू माणसाला आधार दिला. टाळ्या वाजणार होत्या, पण शोकसभा आहे हे कुणाच्या तरी लक्षात आलं. मी खाली बघत बसलो. त्यालाही लोक नम्रता समजले.

दहाव्यानंतर त्याच्या घरी गेलो. कुंदावहिनीने चहा दिला आणि तेच बोलली जे ती तीन वर्षं सगळ्या गावाला सांगत आली होती. “त्याच्या हौसेनं घर बुरवला, भावजी. भरली होडी गेली एका पतंगापायी. मी लय बोललू त्याला. शेवटापरत बोललू. तो नुस्ता हसायचा.” मग उठून तिने भिंतीवरच्या खिळ्यावरून काहीतरी काढलं. तो दांडा होता. पतंगाचं कापड केव्हाच फाटून गेलं होतं, दांडा त्याने आणून ठेवला होता. मधोमध, धरणाऱ्याच्या बाजूने, होडीवर नाव लिहायच्या लाल रंगात दोन अक्षरं काढली होती. डाव्या हाताने काढलेली, वाकडी.

“तुमाला द्याला सांगला व्हता. पम्या आयला का दे, बोलायचा. तुमी आयलंच नाय.” तिने दांडा माझ्यापुढे धरला. “काय लिवलाय? मना वाचता नाय येत.”

“ढील,” मी म्हणालो.

“म्हंजे?”

तिथे सांगता आलं असतं. समोर ती एकटी होती, कुणाची गाडी मागे हॉर्न देत नव्हती. मी म्हणालो, “काही नाही वहिनी, पतंगातला शब्द आहे.” आणि चहा संपवून दांडा घेऊन निघालो.

आता तो माझ्या बाल्कनीत आहे. इथून गेट नंबर दोन दिसतं, नवा माणूस उजव्या हाताने दांडी उचलतो. दांडा हातात घेतला की माझे हात अजून तो छातीकडेच आणतात, अक्षरं समोर असूनसुद्धा. मला स्वतःचा भरवसा नाही, म्हणून हे छापायला दिलंय. छापून आलं की पुरवणी घेऊन मी डोंबिवलीला जाणार आहे. कुंदावहिनीला वाचता येत नाही. मलाच तिच्यासमोर बसून हे पहिल्यापासून वाचून दाखवावं लागेल, आणि शेवटचे तीन शब्दही मोठ्याने वाचावे लागतील. पतंग माझा होता.