‘तीन कोटेशनं घेतली का?’

खरेदी बघणाऱ्या माणसाला कुणी किस्से विचारत नाही, बिलं विचारतात! बिलं पुण्याला जातात, किस्से माझ्याकडेच राहतात. मैत्रिणींना एक सांगायला जावं तर मागून आणखी धावत येतात. आत्ताही सांगायला बसलेय, पण फोन समोरच ठेवलाय. वाजला तर उठावं लागेल.

तर, पूर ओसरला आणि आमच्या संस्थेनं केजला ऑफिस टाकलं. पत्रे, ताडपत्र्या, भांडी, शेळ्या... जे वाहून गेलं ते लोकांना घेऊन द्यायचं. घ्यायचं कुणी? मी! पुण्याच्या साहेबांचा सकाळ-संध्याकाळ फोन, ‘‘मॅडम, लोक उघड्यावर आहेत, लवकर घ्या!’’ आणि त्याच दमात, ‘‘पण तीन कोटेशनं घेतल्याशिवाय काही घेऊ नका!’’

* * *

बाजारात पत्र्याची दुकानं तीनच. पहिलं अप्पांचं. कपाळावर भस्म, गल्ल्यामागं गादी, शांत माणूस. दुसरं त्यांच्या धाकट्या भावाचं, तिसरं मेव्हण्याचं. मी डोक्याला हात लावला.

अप्पा म्हणाले, ‘‘कावून टेन्शन घेता ताई? तुमी चहा घ्या, आमी आपसात भांडतो.’’

मला वाटलं गंमत करतायत. त्यांनी दोघांना बोलावून घेतलं. धाकट्यानं भाव सांगितला तर अप्पा म्हणाले, ‘‘ह्या भावात तू गंजका पत्रा देशील.’’

धाकटा उसळला, ‘‘वाटणीत मला गंजकंच दिलं होतं की तुमी!’’

झालं! वाटणीतली विहीर निघाली, आईच्या पाटल्या निघाल्या. मेव्हणा मधे पडला तर दोघंही त्याच्यावर. आणि रागारागात प्रत्येक जण भाव खाली आणत गेला.

पुण्याहून मेल आला, ‘एक्सलंट निगोसिएशन!’ मी फक्त चहा प्यायले होते.

* * *

घरोघरी वाटायच्या किटमध्ये काय घालायचं हे पुण्यात ठरायचं. त्यात टूथब्रश. चौसाळ्याजवळच्या एका गावात एका आजोबांनी किट उघडलं, ब्रश उलटासुलटा करून पाहिला आणि तोंड उघडून मला नुसत्या हिरड्या दाखवल्या.

‘‘बरश तर दिलाव माय. दात कवा येनार?’’

मी म्हटलं, ‘‘तीन कोटेशनं आली की!’’

* * *

सलीमभाई आमच्या टेंपोचे ड्रायव्हर. भांडी घेऊन तेलगावच्या पुढच्या एका गावाला गेले. दुपार झाली तरी वाटप सुरू झाल्याचा पत्ता नाही. मी ऑफिसात येरझाऱ्या घालतेय. फोन लावला की एकच उत्तर, ‘‘ताई, गाव आ गया, पर माल उतरू देत न्हाईत!’’

शेवटी जीप पकडून मीच गेले. टेंपो चौकात उभा. गावात पुढारी दोन. एक म्हणे वाटप माझ्या दारात, दुसरा म्हणे माझ्या. दोघांचे फोटोवाले तयार. आणि बाया उन्हात ताटकळलेल्या. कित्येकींच्या घरी भात शिजवायला पातेलं नव्हतं.

मी तोंड उघडायच्या आत सलीमभाई टेंपोवर चढले. ‘‘फोटो दोघांचा बी निघंल! पण मोकळे हात नक्को. ज्याच्या डोक्यावर खोकं, त्याचाच फोटो!’’

बाया हसायला लागल्या. आता माघार कशी घेणार? कडक इस्त्रीतले दोघे खोकी वाहायला लागले. फोटो पहिल्याच खोक्याला निघाला, पण बायांनी थांबू दिलं तर ना! ‘‘दादा, अजून लई हायत की!’’ टेंपो रिकामा होईपर्यंत दोघांना सोडलं नाही.

* * *

हा किस्सा मात्र हसायचा नाही. आभाळ पुन्हा भरून आलेलं, आणि बाहेरगावच्या व्हेंडरची ताडपत्र्यांची गाडी आली. सॅम्पल चांगलं जाड होतं. मी एक घडी उलगडून उजेडाकडे धरली, तर पलीकडचं झाड दिसलं. अंगठा दाबला, आरपार गेला.

व्हेंडर म्हणाला, ‘‘परत पाठवा मॅडम. आज पाऊस आला तर लोकांना काय सांगणार तेवढं ठरवून ठेवा.’’

घेतल्या तर पहिल्या वाऱ्यात फाटणार, नाही घेतल्या तर लोक आजच भिजणार. मी गाडी परत पाठवली. ती वळणावर दिसेनाशी झाली. तशीच अप्पांच्या दुकानात गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि ओळखीच्या कापूस व्यापाऱ्यांना एकेक फोन लावला. अंधार पडायच्या आत दारात ताडपत्र्यांचा ढीग! जुन्या, मळक्या, पण दणकट.

मी म्हटलं, ‘‘अप्पा, त्यांना लागतील ना कापूस झाकायला?’’

‘‘कापूस हाय कुठं औंदा? गेला की वाहून. ताडपत्र्या मोकळ्याच पडल्यात, ताई.’’

पाऊस आला. लोक कोरडे राहिले.

* * *

शेळ्या मात्र बायांनी बाजारात येऊन आपल्या आपण निवडायच्या, पैसे आम्ही द्यायचे, असं ठरलं. कौसाबाई आल्या. एकट्या राहणाऱ्या. पुरात त्यांच्या घराची भिंत पडली आणि दारातली शेळी वाहून गेली होती. त्यांना एकही शेळी पसंत पडेना. ही मारकी, ती रोगट, तिचे दातच बघा! इकडे साहेबांचा फोन वाजतोय, मी घायकुतीला आलेली.

एका व्यापाऱ्याच्या शेळ्यांपाशी कौसाबाई थबकल्या.

‘‘चिंगे?’’

त्यातली एक काळी शेळी दोर ताणत, ओरडत पुढं आली आणि तिनं त्यांच्या पदरात तोंड खुपसलं. कौसाबाई मटकन खाली बसल्या. शेळीच्या गळ्यात पडून रडल्या.

व्यापारी गांगरला. ‘‘मावशी, तुमची असंल. पन मी खालच्या गावच्या बाजारात रोख पैसे देऊन घेतली. चोरीची न्हाई.’’

माणसं जमली. कुणी म्हणे सोडून दे, कुणी म्हणे त्याचा काय दोष? मी म्हटलं, वाद नको. बाईंनी शेळी पसंत केलीय ना? मग नियमानं घेऊ! व्यापाऱ्याला पैसे दिले, पावती घेतली आणि दोर कौसाबाईंच्या हातात दिला. व्यापारी खूश, गर्दी खूश. मी जीपकडे निघाले.

‘‘ताई, कुठं निघालाव?’’ कौसाबाईंनी डोळे पुसले, पदर खोचला.

‘‘झालं की मावशी! मिळाली ना शेळी?’’

‘‘ही तर माझीच हाय. तुमची कुठाय?’’