डावीकडे लागतंय

बाळंतिणींच्या वॉर्डात तिला सगळे मोठ्या सिस्टर म्हणत, आणि पाठ वळली की फौजदारीण. सिझेरियन झालेली बाई कण्हू लागली की ती चादर सरळ करत म्हणायची, "आई झालीस ना? मग सोसायला शीक." डॉक्टरांनी लिहून दिलेलं दुखणं थांबवायचं इंजेक्शन बाई अगदी रडकुंडीला आल्यावरच ती द्यायची. तिच्या स्वतःच्या सिझेरियनला, दुखतंय का, असं कुणी तिला विचारलं नव्हतं. टाके ओले असतानाच सासूनं तिला ओट्यापाशी उभं केलं होतं. तीच तिची फूटपट्टी.

तिची मुलगी त्याच दवाखान्यात बाळंतपणाला आली. कळा थांबल्या, बाळाचे ठोके मंदावायला लागले, म्हणून सिझेरियन ठरलं. टेबलाशी, मुलीच्या उशाला, आई उभी राहिली. भुलीच्या डॉक्टरांनी पाठीच्या कण्यात सुई दिली आणि थोड्या वेळानं, भूल चढली का बघायला, पोटावर ओला बोळा फिरवला.

"गार लागतंय?"

"उजवीकडे नाही. डावीकडे लागतंय."

डॉक्टर नवखा होता. तो घुटमळला. "पुन्हा द्यावी लागेल बहुतेक."

"अहो, ही लहानपणापासून अशीच," आई म्हणाली. "सुई दिसली की घर डोक्यावर घेते. नुसती घाबरलीय. बाळाकडे बघा आधी."

इतकी वर्षं काढलेल्या सिस्टरचा शब्द. ऑपरेशन करणाऱ्या बाईंनी सुरी लावली.

मुलगी जी किंचाळली, ती पूर्ण भूल देऊन झोपवेपर्यंत थांबली नाही. तिचे हात आईनंच दाबून धरले होते. बाळ धडधाकट निघालं, पण त्याचं पहिलं रडणं तिला ऐकायला मिळालं नाही.

शुद्धीवर आली तेव्हा आई इंजेक्शन घेऊन उभी होती. न मागता.

"दुसऱ्या कुणाला तरी पाठव."

"अगं, मला वाटलं, तू..."

"मी डॉक्टरांना नव्हते सांगत, आई. तुला सांगत होते."

इंजेक्शन दुसऱ्या सिस्टरनं दिलं. घरी सोडल्यावर मुलगी आईकडे आली नाही, बाळाला घेऊन थेट सासरी गेली.

आता वॉर्डात औषध वेळेवर मिळतं. बायका तिचा हात धरून म्हणतात, तुम्ही आईसारख्या. ती हात सोडवून घेते.

मुलीचा फोन वडिलांना येतो. नात चालायला लागली, हे तिला नवऱ्याकडून कळलं. तेही त्यानं शेजाऱ्यांना सांगितल्यानंतर.